चांदी, सिमेंट आणि कोलकाता : दाताच्या भरावाच्या मजबुतीचा इतिहास

"दाढेत चांदी भरली" किंवा "सिमेंट भरून घेतले" हे शब्द मराठी घरांत सर्रास ऐकू येतात. दवाखान्यातून घरी आलेल्याला पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "टिकेल ना?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर शोधण्यात दंतवैद्यकाची दीडशेहून अधिक वर्षे गेली. भराव मजबूत असावा हे सर्वांनाच मान्य होते. मात्र मजबुती कशी मोजायची, आणि मजबूत भरावासाठी दाताचा किती भाग कापायचा, यावर मते वारंवार बदलली. आज किमान हस्तक्षेपाचे दंतवैद्यक म्हणून जे शिकवले जाते, ते या बदलांतूनच घडले आहे. भारतापुरते पाहिले तर या इतिहासाचे पहिले पान कोलकात्यात उघडते.

सोडा फाउंटनच्या कमाईवर उभे राहिलेले महाविद्यालय

डॉ. रफीउद्दीन अहमद यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली. त्यानंतर काही काळ ते बॉस्टन येथील फोर्सिथ डेंटल इन्फर्मरी या मुलांसाठीच्या दंतरुग्णालयात काम करत होते आणि १९१९ मध्ये ते भारतात परतले.

त्या काळी भारतात दंतवैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण देणारी संस्था नव्हती. दात काढणारे, कवळी बसवणारे कारागीर शहराशहरांत होते. कोलकात्यात तर चीनच्या हुबेई प्रांतातून आलेल्या कुटुंबांनी दंतकाम हा आपला वंशपरंपरागत व्यवसाय केला होता. हाताचे कसब होते. परंतु शरीररचना, रोगनिदान आणि द्रव्यांचे शास्त्र यांची जोड त्याला नव्हती. अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. त्यासाठी लागणारा पैसा त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' या आपल्या दुकानातून उभा केला. दातांचा ज्या पदार्थांशी उभा दावा, त्या गोड सोड्याच्या विक्रीतून भारतीय दंतशिक्षणाचा पाया घातला गेला, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

अहमद १९५० पर्यंत या संस्थेचे प्राचार्य होते. १९२५ मध्ये त्यांनी 'इंडियन डेंटल जर्नल' हे नियतकालिक सुरू केले आणि त्याच सुमारास बंगालमध्ये दंतवैद्यांची संघटना उभी केली. १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी त्यांची ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्रीवरील, म्हणजे कीड काढून दात भरण्याच्या शास्त्रावरील, हस्तपुस्तिका प्रसिद्ध झाली. बंगालचा दंतवैद्य कायदा १९३९ मध्ये आला, तर १९४८ मध्ये संपूर्ण देशासाठी दंतवैद्य अधिनियम झाला. पुढच्याच वर्षी अहमद यांनी आपले महाविद्यालय पश्चिम बंगाल सरकारला दान केले. मुंबईशीही या संस्थेचा एक धागा जुळतो : फातिमा जिना यांनी येथेच शिक्षण घेतले आणि १९२३ मध्ये मुंबईत आपला दंतचिकित्सेचा दवाखाना थाटला.

चांदीचे गणित

अहमद पदवीधर झाले त्याच वर्षी, १९१५ मध्ये, शेजारच्या इलिनॉय राज्यातील ग्रीन वर्डिमन ब्लॅक यांचे निधन झाले. दात भरण्याच्या कामाला शास्त्राची शिस्त लावणारा हा माणूस. त्याच्यापूर्वी 'चांदी'ची कथा म्हणजे नुसती भांडणे होती. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत फ्रान्समध्ये चांदी आणि पाऱ्याचा लगदा दातात भरला जाऊ लागला. १८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी तो न्यूयॉर्कला नेला. सोन्याच्या वर्खाने दात भरणाऱ्या प्रतिष्ठित दंतवैद्यांना ही स्वस्त लुडबुड सहन झाली नाही. १८४५ मध्ये अमेरिकेतील दंतशल्यकांच्या संघटनेने आपल्या सभासदांकडून पाऱ्याचा भराव न वापरण्याची लेखी शपथ घेतली. या वादात ती संघटनाच १८५६ मध्ये मोडली. चांदी मात्र टिकून राहिली.

तिच्या विरोधकांचा एक आक्षेप मात्र रास्त होता. हे मिश्रण कधी आकसत असे, कधी फुगत असे, आणि कोणत्या वैद्याच्या हातून कसे बसेल याचा नेम नसे. ब्लॅक यांनी १८९५-९६ च्या सुमारास चांदी, कथील आणि पारा यांच्या प्रमाणांचा कसून अभ्यास केला. त्यांनी मिश्रधातूंचे नमुने दाबून पाहिले, त्यांचे आकसणे-फुगणे मोजले आणि माणसाच्या चाव्याचा जोर मोजण्यासाठी उपकरणही बनवले. दातात भरायची वस्तू आधी प्रयोगशाळेत तपासावी, हा विचार येथून रुजला.

पुढची पायरी सरकारी प्रयोगशाळेत पडली. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याला आपल्या दंतवैद्यांसाठी चांदीची खरेदी करताना प्रमाण हवे होते. ते काम नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेकडे गेले आणि विल्मर सौडर या भौतिकशास्त्रज्ञाने बाजारातील मिश्रणांची तपासणी केली. त्याचे निष्कर्ष १९२० मध्ये, म्हणजे कलकत्त्याचे महाविद्यालय सुरू झाले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. दंतद्रव्यांच्या प्रमाणीकरणाची आजची सारी व्यवस्था त्या तपासणीतून वाढत गेली.

भराव मजबूत, दात अशक्त

चांदी मजबूत होती, पण तिचे दोन दोष होते. पहिला म्हणजे ती दाताला चिकटत नाही. त्यामुळे तिला अडकवून ठेवण्यासाठी खड्ड्याचे तोंड अरुंद आणि तळ रुंद असा आकार कोरावा लागे. दुसरा दोष ठिसूळपणाचा. पातळ थरात ती कडांशी तुटते, म्हणून तिला किमान दीड ते दोन मिलिमीटर जाडी हवी. कीड एवढी खोल गेलेली नसली तरी खड्डा तेवढा खोल करणे भाग होते.

यात ब्लॅक यांच्या प्रसिद्ध सूत्राची भर पडली. 'प्रतिबंधासाठी विस्तार' असे त्याचे मराठी करता येईल. दाढेच्या पृष्ठभागावरील खाचांत आज ना उद्या कीड लागणारच. तेव्हा कीड एका ठिकाणी असली तरी शेजारच्या खाचाही कोरून भरावात घ्याव्यात, असे हे सूत्र सांगत असे. हा क्रूरपणा नव्हता. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट नव्हती, क्ष-किरण नुकतेच सापडले होते आणि रुग्ण पुन्हा येईल याची खात्री नव्हती. त्या परिस्थितीत हे शहाणपणाचेच होते. जगभरच्या दंत महाविद्यालयांतून कित्येक पिढ्या याच नियमांनी घडल्या.

या नियमाची किंमत दाताने चुकवली. दाढेची ताकद तिच्या अखंडपणात असते. वरच्या उंचवट्यांना एकत्र बांधणाऱ्या कडा कापल्या, की उरलेल्या भिंती चावताना बाहेरच्या बाजूला वाकू लागतात. १९८९ मध्ये रीह, मेसर आणि डग्लस यांनी हे मोजून दाखवले. केवळ वरच्या पृष्ठभागावर खड्डा कोरल्यास दाताचा ताठपणा सुमारे २० टक्क्यांनी घटला. दोन्ही बाजूंच्या कडा कापणारा मोठा खड्डा केल्यावर ही घट ६३ टक्क्यांवर गेली. रूट कॅनॉलसाठी केलेल्या कामाचा वाटा मात्र जेमतेम ५ टक्के निघाला. म्हणजे नस काढल्याने दात ठिसूळ होतो हा सार्वत्रिक समज फारसा खरा नव्हता. दाताला खरा धक्का खड्ड्याच्या आकाराने बसत होता. भराव वर्षानुवर्षे शाबूत राही आणि एखाद्या दिवशी चणा फोडताना त्याच्या शेजारची दाताची भिंतच उडून जाई. दात आणि चणे यांची म्हण येथे वेगळ्याच अर्थाने खरी ठरत होती.

मजबुती कशी मोजायची?

येथे थोडे गणित आवश्यक आहे. दाब सहन करण्याची शक्ती मेगापास्कलमध्ये मोजतात. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने शंभर ग्रॅमचा भार. दाताच्या वरच्या कठीण आवरणाची, म्हणजे एनॅमलची, दाबशक्ती साधारण ३८० मेगापास्कल आणि त्याखालच्या डेंटिनची ३०० च्या आसपास मानतात. तांब्याचे प्रमाण वाढवलेली आधुनिक चांदी ४०० च्याही वर जाते. राळयुक्त काँपोझिट २५० ते ३५० च्या टप्प्यात असते. ज्याला लोक 'सिमेंट' म्हणतात ते ग्लास आयोनोमर १०० ते २०० मध्येच थांबते.

भरावाच्या ग्लास आयोनोमर सिमेंटसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने किमान १०० मेगापास्कलची अट घातली आहे. या चाचणीचा नमुना ४ मिलिमीटर व्यासाचा आणि ६ मिलिमीटर उंचीचा दंडगोल असतो. त्याचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिलिमीटरहून थोडे अधिक. म्हणजे किमान अट पूर्ण करणारा हा चिमुकला नमुना सुमारे १२८ किलोचा भार पेलतो. माणसाच्या दाढांचा जास्तीत जास्त चावा साधारण ५० ते ७० किलोभाराचा असतो आणि रोजच्या जेवणात याहून पुष्कळ कमी जोर लागतो. मग सिमेंट तोंडात तुटते का?

याचे उत्तर खडूच्या तुकड्यात आहे. खडू उभा धरून दाबला तर बराच भार सहन करतो. दोन्ही टोके धरून वाकवला तर चटकन मोडतो. ठिसूळ पदार्थ दाबाला बळकट आणि ताणाला दुबळे असतात. तोंडातला भराव क्वचितच सरळ दाबला जातो. तो वाकतो, कडांशी ताणला जातो, गरम चहा आणि थंड पाणी यांच्यामध्ये प्रसरण-आकुंचन पावतो आणि लाखो घासांचे लहान लहान धक्के पचवतो. म्हणून काँपोझिटसाठी वाकवण्याची कसोटी महत्त्वाची मानली गेली. २५ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड-रुंद पट्टी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून नंतर मोडेपर्यंत वाकवतात. चावण्याच्या पृष्ठभागावरील काँपोझिटने किमान ८० मेगापास्कल सहन करायला हवेत. ग्लास आयोनोमर या कसोटीत बहुधा १० ते ४० च्या दरम्यान राहते. दोहोंमधला खरा फरक येथे उघडा पडतो.

मानवी हातही या गणितात येतो. सिमेंटची भुकटी आणि द्रव यांचे प्रमाण चुकले, भुकटी कमी पडली, तर मिश्रण घोटायला सोपे जाते पण बसल्यावर कमजोर राहते. हवा उष्ण असेल तर ते लवकर घट्ट होते आणि काम करायला वेळ अपुरा मिळतो. कोलकात्याच्या किंवा कोकणाच्या दमट उन्हाळ्यात छापील पुस्तकातला आकडा दाताच्या खड्ड्यात जसाच्या तसा उतरेलच असे नाही.

चिकटणाऱ्या भरावाचा शोध

चांदीचा मुख्य दोष न चिकटण्याचा होता. तो दूर झाला तर अडकवण्यासाठी जास्तीचा दात कोरण्याची गरज उरणार नव्हती. १९५५ मध्ये मायकेल ब्यूनोकोर यांनी एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिले. आम्लाने पृष्ठभागावर सूक्ष्म खाचा पडल्या आणि त्यांत अॅक्रिलिक राळ घट्ट रुतली. ही कल्पना जहाजे आणि यंत्रे रंगवण्यापूर्वी धातूवर आम्लाची प्रक्रिया करतात त्यावरून सुचली होती. १९६२ मध्ये, सौडर यांनी ज्या संस्थेत काम केले होते तिथेच, रफाएल बोवेन यांच्या नव्या राळेला पेटंट मिळाले. त्या राळेत काचेची बारीक भुकटी मिसळून आजचे काँपोझिट जन्माला आले. जपानमध्ये फुसायामा यांनी डेंटिनलाही भराव चिकटवण्याचा मार्ग दाखवला. किडलेल्या डेंटिनचे दोन थर असतात, हेही त्यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले : वरचा जंतूंनी पोखरलेला, काढून टाकण्याजोगा, आणि खालचा मऊ पडलेला, पण अजून सावरू शकणारा. सारे मऊ ते कोरून फेकायचे, हा जुना हट्ट सोडण्याचे शास्त्रीय कारण येथे मिळाले.

दुसरी वाट लंडनमधून निघाली. लॅबोरेटरी ऑफ द गव्हर्नमेंट केमिस्ट या सरकारी प्रयोगशाळेत अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट जुन्या सिलिकेट सिमेंटच्या उणिवांवर काम करत होते. त्यांनी विशिष्ट काचेची भुकटी पॉलिअॅक्रिलिक आम्लाशी मिसळली आणि १९७२ मध्ये हे नवे सिमेंट जाहीर केले. आम्लातील गट दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतात, त्यामुळे ते वेगळी गोंदराळ न वापरताही दाताला धरून राहते. काचेतील फ्लोराइड हळूहळू बाहेर झिरपते. सुरुवातीचे मिश्रण इतके सावकाश बसे की दवाखान्यात ते वापरणे जिकिरीचे होते. टार्टारिक आम्लाची भर घातल्यावर ते सुधारले.

प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या शर्यतीत हे सिमेंट शेवटचे होते. तरीही त्याने दंतवैद्यकाची दिशा बदलली, कारण त्याच्यासाठी निरोगी दात कापावा लागत नव्हता.

वीज नसलेल्या खोलीत

या दुबळ्या सिमेंटची खरी परीक्षा प्रयोगशाळेबाहेर झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यास टांझानियात काम करणारे डच दंतवैद्य यो फ्रेंकेन यांच्यापुढे साधी अडचण होती : वीज नाही, ड्रिल नाही, आणि दुखणारा दात उपटणे हाच एक उपाय. त्यांनी हातातल्या अवजारांनी मऊ कीड खरवडून काढली, उरलेला खड्डा चिकटणाऱ्या सिमेंटने भरला आणि तेच सिमेंट बोटाने दाबून शेजारच्या खाचांतही बसवले. ही पद्धत पुढे 'एआरटी' या आद्याक्षरांनी ओळखली गेली. थायलंड आणि झिंबाब्वेमध्ये तिच्या क्षेत्रचाचण्या झाल्या आणि १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. ब्लॅक यांच्या सूत्रातील हेतू येथे शाबूत राहिला : शेजारच्या खाचा सुरक्षित झाल्या. फक्त त्या कापाव्या लागल्या नाहीत.

हे भराव टिकले का? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणाने अनेक देशांतील अभ्यास तपासले. कायमच्या दातांत, एकाच पृष्ठभागावर केलेले असे भराव तीन वर्षांनी ८५ टक्के आणि पाच वर्षांनी ८० टक्के शाबूत होते. दुधाच्या दातांत एका पृष्ठभागाचे भराव दोन वर्षांनी ९३ टक्के टिकले. पण एकाहून अधिक पृष्ठभाग व्यापणाऱ्या भरावांत हे प्रमाण ६२ टक्क्यांवर घसरले. वाकण्याच्या कसोटीने जे आधीच सुचवले होते तेच तोंडात दिसले. चारही बाजूंनी दाताच्या भिंतींचा आधार असेल तर सिमेंट पुरेसे आहे. आधार सुटला की ते मोडते. त्यामुळे खड्डा लहान ठेवण्याने दात वाचतोच, शिवाय कमी ताकदीचा भरावही टिकतो. मोठ्या खड्ड्यासाठी काँपोझिट, किंवा तळाशी सिमेंट आणि वर काँपोझिट अशी दुहेरी रचना, हे पर्याय आहेत.

२००२ मध्ये जागतिक दंतवैद्य महासंघाने किमान हस्तक्षेपाचे धोरण अधिकृतपणे मांडले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ग्लास आयोनोमर सिमेंटला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. प्रयोगशाळेत मागे पडलेल्या द्रव्याला मिळालेला हा मान त्याच्या उपयोगाचा होता.

पाऱ्याचा निरोप

पारा आणि कलकत्ता यांचे नाते जुने आहे. ब्लॅक अमेरिकेत चांदी-पाऱ्याचे प्रमाण बसवत होते, जवळपास त्याच वेळी, १८९६ मध्ये, प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्रयोगशाळेत आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी मर्क्युरस नायट्राइट हे पाऱ्याचे संयुग मिळवल्याचे जाहीर केले. दोन कामांचा परस्परांशी संबंध नाही. पण पारा हा त्या काळी रसायनशास्त्राचा आणि दंतवैद्यकाचा किती विश्वासाचा सोबती होता, हे त्यातून कळते.

आता तो विश्वास ओसरला आहे. दातातल्या चांदीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. घट्ट झालेल्या भरावापेक्षा मोठी चिंता दवाखान्यातून सांडपाण्यात आणि हवेत जाणाऱ्या पाऱ्याची आहे. २०१३ मध्ये स्वीकारलेला मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून दंतकामातील चांदीचा वापर मोजके वैद्यकीय अपवाद वगळता बंद केला आणि करारातील देशांनी २०३४ पर्यंत तिला निरोप देण्याचे ठरवले आहे.

म्हणून भरावाच्या मजबुतीचा प्रश्न आज पुन्हा निकडीचा झाला आहे. चांदीची जागा घेणारे द्रव्य दाबाला आणि वाकण्याला पुरे पडावे, ओलाव्यात काम करताना फसू नये, आणि ज्या गावात निळ्या प्रकाशाचा दिवा किंवा अखंड वीज नाही तेथेही परवडावे. काँपोझिट पहिल्या अटीत सरस आहे, सिमेंट शेवटच्या. दोन्ही गुण एका द्रव्यात आणण्याची धडपड जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे.

डॉ. अहमद यांचे ९ फेब्रुवारी १९६५ रोजी निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते. त्यांचे नाव धारण करणारे महाविद्यालय आजही कोलकात्यात आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यावर उभे आहे आणि त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, देशात राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. ते शिकवू लागले तेव्हा चांगला भराव म्हणजे न तुटणारा भराव, असाच समज होता. आज त्याच विषयाचा विद्यार्थी दोन गोष्टी एकत्र तोलायला शिकतो : भराव किती भार पेलतो, आणि तो बसवण्यासाठी किती निरोगी दात गमवावा लागला. भराव निखळला तर पुन्हा भरता येतो. कोरून काढलेला दात पुन्हा उगवत नाही.